सुभेदारांचे तारण

रत्नागिरी जिल्ह्याला आपल्या माणसांचा अभिमान फार. पाहुणा आला की आम्ही त्याला टिळकांचे जन्मघर दाखवतो, मुरूडच्या कर्व्यांचे नाव सांगतो, आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, हेही आवर्जून सांगतो. यातली एक गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हेही शिक्षकच होते. एकाची शाळा गावातली, दुसऱ्याची पलटणीतली. गंगाधरपंतांचा मुलगा वर्गात कुठे बसेल, हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. रामजींच्या मुलांना मात्र तो रोज विचारला गेला.

एप्रिल आणि डिसेंबर महिन्यांत बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार पडतात, व्याख्याने होतात. त्यांत वडिलांचा उल्लेख येतो तो बहुधा एका वाक्यात: वडील लष्करात सुभेदार होते. मी उमेदीची वर्षे बँकेत घालवली. कर्जदाराचे नाव मोठ्या अक्षरात आणि जामीनदाराचे खाली बारीक अक्षरात, असे कागद हजारोंनी पाहिले. हप्ते फिटले की जामीनदाराला कुणी विचारत नाही. या वाक्यातले सुभेदार मला तसे वाटतात. आज त्या बारीक अक्षराविषयी लिहायचे आहे.

रामजींचे वडील मालोजी हेही फौजेतच होते. अस्पृश्य मानलेल्या समाजाला गावात पाण्याचा हक्क नव्हता, देवळात पाऊल नव्हते. कंपनी सरकारच्या पलटणीत मात्र महार शिपायांना जागा होती. तिथे त्यांना पगार मिळे, गणवेश मिळे, आणि या दोन्हींहून मोठी अशी आणखी एक गोष्ट मिळे, ती म्हणजे शाळा. शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना, मुलींनासुद्धा, लिहायवाचायला शिकावेच लागे. रामजी या शाळेत नुसते शिकले नाहीत, ते शिक्षक झाले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे १४ वर्षे पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. मराठी तर उत्तम होतेच, इंग्रजीही ते चांगले जाणत. गणिताची आवड, क्रिकेट-फुटबॉलचा षौक आणि व्यसनांचा तिटकारा, असा हा माणूस.

मुरबाडच्या एका सुभेदार-मेजरांच्या घरची भीमाबाई त्यांना पत्नी म्हणून मिळाली. त्या काळच्या मानाने घर खाऊनपिऊन सुखी होते. पण सुख अखंड नव्हते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली आणि जगली फक्त पाच. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि चौदावा भीमराव. आज आपण शेंडेफळाचे कौतुक करतो, तेव्हा त्या घराने नऊ वेळा काय सोसले असेल याचा विचार करत नाही. हा चौदावा मुलगा १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मला. तिथे रामजींची पलटण होती.

मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले आणि कोकणात परतले. ते दापोलीला आले. दापोलीला आजही आमच्याकडची जुनी माणसे कॅम्प म्हणतात, ते या लष्करी वस्तीवरूनच. पेन्शन घेतलेले कितीतरी महार शिपाई, हवालदार, सुभेदार तिथे राहत. ही नुसती पेन्शनरांची आळी नव्हती. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ इथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते, अर्ज करत होते. महात्मा फुल्यांचे विचार या वस्तीत पोचलेले होते आणि रामजींना फुल्यांविषयी आदर होता.

याच सुमाराला सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दाराने रामजी आणि त्यांच्यासारखे शेकडो लोक माणसांत आले होते, तेच दार बंद झाले. रामजींची स्वतःची नोकरी झाली होती, पेन्शन चालू होते. तरी हा निवृत्त मास्तर गप्प बसला नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेऊन त्यांनी या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी दार उघडे राहावे, ही धडपड मुलाने पुढे फार मोठ्या मैदानावर केली. तिची सुरुवात दापोलीच्या या पेन्शनराच्या टेबलावर झालेली होती.

पेन्शन अपुरे पडू लागल्यावर रामजींनी साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि बिऱ्हाड साताऱ्याला हलवले. तिथेच भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. घर सावरले ते रामजींच्या बहिणीने, मीराबाईंनी. पाठीला बाक आलेली ही आत्या मुलांची आईच झाली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत अशी एक आत्या असते. घरातल्या फोटोत ती नसते, पण तिच्याशिवाय घर उभे राहिले नसते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. नावात गाव आले ते आंबडव्याचे. शाळेत बसायला वेगळी जागा, तहान लागली तर दुसऱ्या कुणी वरून पाणी ओतेपर्यंत तिष्ठणे, हे सारे त्या दाखल्यात लिहिलेले नाही. रामजींना ते माहीत होते. तरीही त्यांनी मुलाला रोज शाळेत पाठवले.

त्या काळातली एक हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साल. रामजी कामानिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता आणि रामजी खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी कळवले. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांचा माणूस न्यायला येईल म्हणून वाट पाहत बसली. कुणीच आले नाही. मुलांनी पाठवलेले पत्र ज्याच्या हाती पडले होते, तो ते सुभेदारांना द्यायला विसरला होता. पुढे जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बरोबर पायी चालणार, या अटीवर. सोबत डबा भरलेला होता आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी निजली.

ही गोष्ट आपण मुलाच्या बाजूने पुष्कळदा ऐकली आहे. मला ती बापाच्या बाजूनेही दिसते. दुसऱ्या दिवशी दमलेली, सुकलेली मुले दारात उभी राहिली असतील, तेव्हा त्या बापाचे काय झाले असेल? साहेबांपुढे ताठ उभा राहणारा, शेकडो रुपयांचा सरकारी हिशेब सांभाळणारा हा सुभेदार स्वतःच्या लेकरांना वाटेत तांब्याभर पाणी मिळवून देऊ शकत नव्हता. पगार, हुद्दा, सचोटी, शिक्षण, सगळे असून तो हतबल होता. अशा वेळी माणूस एक तर पिचतो, नाही तर रागाने जळतो. रामजींनी तिसरा मार्ग धरला. मुलांना आणखी शिकवायचे.

रामजी कबीरपंथी होते. घरात पहाटे आणि रात्री भजन ठरलेले असे. अभंग, कबीराचे दोहे आणि संतांची पदे मुलांच्या तोंडी बसलेली. रात्रीच्या प्रार्थनेला सगळ्यांनी हजर राहिलेच पाहिजे, ही शिस्त पलटणीतलीच होती. मुली गोड आवाजात पदे म्हणत, तेव्हा त्या घरातले वातावरण कसे भारून जाई, याची आठवण बाबासाहेबांना उतारवयापर्यंत होती. ज्या धर्माने देवळाबाहेर ठेवले, त्याच्यातला माणसाला माणूस म्हणणारा कबीर तेवढा रामजींनी उचलून घरात आणला होता.

ते मुलांना रामायण-महाभारतही वाचायला लावत. एकदा मुलाने विचारले की हे आपण का वाचायचे? या ग्रंथांत तर ब्राह्मण-क्षत्रियांचीच थोरवी सांगितली आहे. रामजींनी समजावले की आपण अस्पृश्य म्हणून गणले जातो, त्यामुळे आपल्या मनात कमीपणा घर करण्याची भीती असते. द्रोण, कर्ण यांच्यासारखी साध्या परिस्थितीतून आलेली माणसे किती उंच चढली ते पाहावे, वाल्मीकी कोण होते ते पाहावे, म्हणजे कमीपणा निघून जातो. उत्तर जिव्हाळ्याचे होते. मुलाला ते पटले नाही. त्याने महाभारतातल्या थोरामोठ्यांच्या वागण्यातली विसंगती बोलून दाखवली, रामाविषयीही शंका काढल्या. आणि रामजी गप्प राहिले.

मला या गप्प राहण्याचे फार मोल वाटते. त्या काळचा बाप, त्यातून लष्करी बाण्याचा, त्यातून भाविक. एक थोबाडीत देऊन विषय संपवता आला असता. रामजींनी तसे केले नाही. मुलाचे समाधान करता येत नाही हे त्यांनी सोसले, आणि शंका काढण्याचा त्याचा हक्क काढून घेतला नाही. पुढे १९५६ साली नागपूरला या मुलाने जो निर्णय घेतला, तो रामजींच्या श्रद्धेपासून दूर जाणारा होता असे कुणी म्हणेल. पण श्रद्धा तपासून घेण्याची मुभा या घरानेच दिली होती. शिवाय ज्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावाला आपले बुद्धचरित्र भेट दिले, ते रामजींचे स्नेही होते. मुलगा परीक्षा पास झाला म्हणून समाजातल्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले, तेव्हा रामजींनी आधी साफ नकार दिला होता. एक परीक्षा पास झाल्याने मुलाच्या डोक्यात हवा जाऊ नये, ही त्यांची काळजी. केळुसकरांनी मध्यस्थी केली, रामजी नमले, सभा झाली, आणि ते पुस्तक मुलाच्या हाती पडले.

हा बाप आदर्शाचा पुतळा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. भीमाबाईंच्या पश्चात रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आई घरात आली, तिच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवा आतून तुटला. वडिलांवर अवलंबून राहायला नको, मुंबईला पळून गिरणीत काम धरू, असे त्याच्या मनाने घेतले. भाड्यापुरते पैसे हवेत म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवण्याचा खटाटोप त्याने काही रात्री केला, आणि अखेर पिशवी हाती आली तेव्हा त्यात अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने लाजून त्याने ठरवले की पळायचे नाही, झटून अभ्यास करायचा. बाप-लेकातली तेढ अशी कुठल्या कुठे वळली. एरवी ती आयुष्यभर टिकते, हे आपण आपल्या भोवती पाहतो.

पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईला आणले. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच चूल, भांडी, सरपण, जाते, बांधलेली शेळी आणि सगळे कुटुंब. इथे रामजींनी एक युक्ती केली. मुलाने लवकर निजायचे, आणि जागा मोकळी नसल्याने आपण जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमाराला मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. मग मिणमिणत्या दिव्यात भीमरावाचा अभ्यास सुरू होई. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला रामजींनी त्याच्याकडून घोटून घेतली होती. उतारवयातल्या माणसाला झोप किती हवीशी असते, ते साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला विचारा.

मुलाला पुस्तकांचे वेड होते. पेन्शन थोडे. मग रामजी धाकट्या लेकीच्या घरी जात. तिच्याजवळ रुपये नसले तर थोरलीकडे. लग्न होऊन मुंबईत नांदणाऱ्या या मुली आपला एखादा डाग काढून बापाच्या हातावर ठेवत. तो मारवाड्याकडे गहाण पडे, भीमरावाचे पुस्तक घरी येई, आणि पेन्शन हातात आले की रामजी पहिल्यांदा तो डाग सोडवून लेकीला परत नेऊन देत.

सोनेतारणाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली आहेत. जून महिना लागला, शाळा उघडायच्या झाल्या, की कोकणातल्या शाखांमध्ये बायकांची रांग लागे. कुणी पाटली काढी, कुणी मंगळसूत्रातल्या वाट्या. कारण विचारायचे म्हणून आम्ही विचारायचो, आणि ते बहुतेक वेळा एकच असे: मुलाची फी. मुलीच्या फीसाठी गहाण पडलेली पाटली क्वचित दिसे. सोने पारखून, तोलून, आम्ही नोंद करायचो. वजन किती, कस किती, रक्कम किती. त्या पाटलीवर खरे नाव कुणाचे, हा रकाना आमच्या वहीत नव्हता.

रामजींच्या घरचा हिशेब मांडायचा तर मंजुळा आणि तुळसा यांची नावे त्यात लिहावी लागतील. आनंदरावांचेही लिहावे लागेल. सगळ्या मुलांना शिकवण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले आणि भीमरावाची शाळा चालू राहिली. हा निर्णय बापाने कोणत्या मनाने घेतला असेल? दोन मुलांपैकी एकाचेच पुस्तक घेता येते, ही जाणीव कुठल्याही बापाला सुखाची नसते. रामजींच्या त्यागाचे आपण कौतुक करतो तेव्हा हा दुसऱ्यांकडून घेतलेला त्यागही त्यात आहे, हे विसरू नये. एका माणसाला उभे करायला एक अख्खे घर वाकले होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. दापोलीजवळच्या वणंद गावची रमाबाई सून म्हणून घरात आली. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने उठल्यावर. एल्फिन्स्टन कॉलेजचे दिवस कठीण होते. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव बी. ए. झाला. डिसेंबर १९१२ मध्ये रामजींना यशवंत हा नातू झाला. आता सुभेदारांनी निवांत बसावे, असा तो काळ.

मुलगा बडोद्याच्या नोकरीवर निघाला तेव्हा रामजींना ते फारसे पसंत नव्हते. त्याने मुंबईतच राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगा गेला. बडोद्याला जाऊन थोडेच दिवस झाले तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेत तो सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. दुसरी गाडी मिळेपर्यंत कितीतरी तास गेले. घरी पोचला तेव्हा रामजींचे डोळे दाराकडेच लागले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि प्राण सोडला. ती तारीख होती २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोचला. अवघे पाच महिने. रामजींना ते पाहायला मिळाले नाही. मुलाचे एम. ए. नाही, डॉक्टरेट नाही, बॅरिस्टरी नाही, महाडचे तळे नाही, घटना तर फारच दूर. पेरणी करून शेतकऱ्याने जावे आणि पीक दुसऱ्यांनी घरी न्यावे, तसे झाले.

१९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलनाचा इतिहास आणि रुपयाच्या स्थैर्याची चिकित्सा करणारा हा ग्रंथ आम्हा बँकवाल्यांना ऐकून तरी माहीत असतो. त्यातल्या आकड्यांची आणि सोने-चांदीच्या दरांची पाने सुरू होण्याआधी अर्पणपत्रिका आहे. आईवडिलांच्या स्मृतीला, त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दल आणि दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल, ग्रंथ अर्पण केला आहे. रुपयाचे मोल जगाला समजावून सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने, आपल्यासाठी कुणाचा रुपया कसा खर्ची पडला, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवले.

आंबडव्याला आता लोक मुद्दाम जातात, आणि जावेच. पण रामजी सुभेदारांची आठवण ठेवायला मंडणगडपर्यंतच जायला हवे असे नाही. येत्या जूनमध्ये आपल्या घरात कुणाच्या शिक्षणासाठी काय मोडावे लागते आहे, कुणाचे शिक्षण थांबते आहे, आणि ते थांबवणारे आपण कोणत्या मनाने थांबवतो आहोत, एवढे जरी पाहिले तरी सुभेदारांना ते ओळखीचे वाटेल. लेकीचा डाग त्यांनी दर वेळी सोडवून परत केला होता. आपल्या घरातल्या कुणाचा असा डाग अजून अडकून पडला आहे का, ते एकदा वही उघडून बघावे.